वेबसाइटच्या कमाईतून दान करायचे असेल तर

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातल्या एका तरुणाने मला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्याची मराठीत वेबसाइट आहे. बाजार समित्यांतले कापूस, तूर आणि सोयाबीनचे भाव, सरकारी योजनांची माहिती आणि पोलीस भरतीच्या सूचना तो तिच्यावर रोज टाकतो, आणि गुगल ॲडसेन्स, म्हणजे वेबसाइटवर जाहिराती लावून तिच्या मालकाला त्यांचा वाटा देणारी गुगलची सेवा, तिच्या जाहिरातींतून त्याला अलीकडे बरी मिळकत होऊ लागली आहे. तिचा निम्मा हिस्सा गावच्या अभ्यासिकेला द्यावा, असे त्याच्या मनात आहे. प्रत्येक पानावर 'जाहिरातीवर क्लिक करा, अभ्यासिकेला हातभार लावा' अशी पट्टी लावावी का, निम्मा हिस्सा योग्य ठरेल का, त्यावर आयकरात सूट मिळते का आणि बाहेरगावी गेलेल्या गावकऱ्यांकडूनही पैसे गोळा करावेत का, असे त्याने विचारले आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी राहून मी अनेक वर्षे मराठी वेबसाइट चालवत आलो आहे आणि त्यांच्या मिळकतीतला वाटा दरवर्षी बाजूला काढत आलो आहे, म्हणून जे ठामपणे सांगता येते ते सविस्तर सांगतो.

भाऊ, आधी त्या पट्टीचे बोलू. ती लावू नका, आणि लावली असेल तर आजच काढा. वाचकाला जाहिरातीवर क्लिक करायला सांगणे ॲडसेन्सच्या नियमांत बसत नाही, आणि त्या क्लिकच्या बदल्यात तिसऱ्या कोणाला पैसे देण्याचे आश्वासन देणेही बसत नाही. हेतू कितीही चांगला असला तरी त्याने फरक पडत नाही. खाते बंद होऊ शकते आणि साठलेली रक्कम जाहिरातदारांना परत केली जाऊ शकते. पण मला नियमापेक्षाही दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या क्लिकचे पैसे कोणाच्या खिशातून जातात याचा विचार करा. अकोल्यातला ठिबक संचाचा एखादा विक्रेता दिवसाला ठरावीक रक्कम जाहिरातीवर लावतो, ती आपल्याला खरे गिऱ्हाईक मिळावे म्हणून. तुमच्या गावातल्या पन्नास मुलांनी अभ्यासिकेच्या प्रेमापोटी त्याच्या जाहिरातीवर बोट लावले, तर दुपारपर्यंत त्याची रक्कम संपते आणि त्याच्या दुकानात कोणीही येत नाही. त्या विक्रेत्याला न विचारता त्याच्याकडून घेतलेले पैसे अभ्यासिकेला दिले, तर त्याला दान म्हणता येणार नाही.

आता मिळकतीविषयी. तुम्ही ज्या आकड्याचा निम्मा हिस्सा द्यायचे म्हणता, तो आकडा नेमका कोणता, हे आधी ठरवायला हवे. ॲडसेन्सच्या पडद्यावर रोज दिसणारी रक्कम हा केवळ अंदाज असतो. महिना संपल्यावर संशयास्पद क्लिक वजा होतात, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला अंतिम आकडा ठरतो, आणि खात्यात किमान १०० डॉलर जमलेले असतील तरच साधारण २१ ते २६ तारखेच्या दरम्यान रक्कम बँकेकडे रवाना होते. ती परदेशातून डॉलरमध्ये येते, बँक आपल्या दराने तिचे रुपये करते आणि काही बँका त्यावर आपला आकारही कापून घेतात. त्यामुळे पासबुकात जी ओळ उमटते ती पडद्यावरच्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा कमी असते. दानाचा हिशेब नेहमी पासबुकातल्या ओळीवरून करावा. पडद्यावरचा आकडा पाहून शब्द देणाऱ्याला पुढे तो शब्द घरच्या पैशातून पुरा करावा लागतो, आणि घरच्यांना त्याचा जाब द्यावा लागतो.

शिवाय ही मिळकत एकसारखी कधीच राहत नाही. जाहिरातीची प्रत्येक जागा लिलावात जाते आणि बोली लावणारे जेवढे जास्त तेवढा भाव चढतो. दसरा-दिवाळीत कंपन्या हात सैल सोडतात, जानेवारीत तोच हात आखडता होतो. मराठी पानांना इंग्रजीच्या तुलनेत भाव कमी मिळतो, कारण ग्रामीण वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी मोठी बोली लावणारे जाहिरातदार अजून थोडे आहेत. पोलीस भरतीची सूचना निघाली की तुमच्या वेबसाइटवर वाचकांची रीघ लागते आणि भरती संपली की ती ओसरते, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्यातच गुगल आपल्या शोधाचे निकष मधूनमधून बदलते. मार्च २०२४ मधल्या बदलानंतर जगभरातल्या अनेक लहान वेबसाइटींचे वाचक एकदम घटले, आणि शोधाच्या पानावरच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर दिसू लागल्यापासून कित्येक वाचकांना मूळ पानावर येण्याची गरजच उरलेली नाही. म्हणून दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे वचन कोणालाही देऊ नका. आलेल्या पैशाचा ठरावीक हिस्सा द्यायचा, हीच पद्धत टिकते. पैसे कमी आले तर हिस्साही कमी होतो आणि कोणाचा शब्द मोडत नाही.

हिस्सा काढण्याआधी खर्च काढावा. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग (ती ठेवण्याची भाड्याची जागा) यांचे वार्षिक नूतनीकरण हा त्यातला लहान भाग आहे. डोमेन तुमच्याच नावावर आहे ना, एवढे मात्र तपासा. वेबसाइट बनवून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतले असेल, तर उद्या तुमची मिळकत आणि तुमचे दान दोन्ही त्याच्या मर्जीवर राहील. मोठा खर्च माणसांचा असतो आणि तोच हिशेबात धरला जात नाही. तुमचा चुलतभाऊ रोज संध्याकाळी बाजार समित्यांचे भाव उतरवून घेतो, असे तुम्ही लिहिले आहे, पण त्याला काय मिळते ते लिहिलेले नाही. त्याच्या कष्टाचे पैसे त्याला न देता अभ्यासिकेला देणगी दिली, तर दाता म्हणून नाव तुमचे होते आणि दिलेले त्याचे असते. आधी त्याचा मोबदला ठरवा. मग पुढच्या वर्षीच्या होस्टिंगइतकी आणि दोन-तीन वाईट महिने निभावतील इतकी रक्कम राखून ठेवा. शेतकरी घरचे बियाणे राखल्याशिवाय सोयाबीनचे पोते विकायला काढत नाही, तसेच हे आहे.

हे सगळे वजा जाता जे उरेल त्यातले दहा टक्के पुष्कळ झाले, असे माझे मत आहे. निम्मा हिस्सा ऐकायला उदार वाटतो, पण तुमच्या वयात, घरची शेती कोरडवाहू असताना आणि मिळकतीचा भरवसा नसताना तो वर्षभरही टिकणार नाही. दहा टक्के दहा वर्षे दिले तर अभ्यासिकेतल्या मुलांच्या दोन-तीन तुकड्या त्यातून पार पडतील. रक्कम बँकेत जमा झाली की त्याच दिवशी तो हिस्सा वेगळ्या बचत खात्यात वळता करा. महिनाअखेर उरलेल्यातून काढू असे म्हटले की उरत काहीच नाही, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

इथवर किती द्यायचे ते झाले. पैसे कसे मिळवले, हा भाग मला त्याहून मोठा वाटतो, आणि तुम्ही त्याविषयी विचारले नसले तरी त्यावर थोडे थांबणार आहे. तुम्ही पानांवर जाहिराती आपोआप लागू देता. त्यामुळे कोणत्या मजकुराशेजारी कोणती जाहिरात दिसेल हे तुम्ही ठरवत नाही. नापिकी, कर्ज, शेतकरी आत्महत्या यांविषयीच्या मजकुराखाली झटपट कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात मी स्वतः पाहिली आहे. यंत्राच्या दृष्टीने ती अचूक जोडी आहे, कारण कर्जाविषयी वाचणाऱ्या माणसाला कर्ज हवे असते. पण वाचणारा तुमच्याच गावचा असतो. त्याच्या सातबाऱ्यावर आधीच बँकेचा बोजा असतो, आणि एका क्लिकवर मिळणाऱ्या दहा हजारांच्या पाठोपाठ वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. ॲडसेन्समध्ये जाहिराती रोखण्याची सोय आहे. तिथे संवेदनशील गटांची यादी उघडते. त्यातले ग्राहक कर्जे, झटपट श्रीमंत होण्याचे मार्ग, ज्योतिष आणि जादूटोणा हे गट तुम्ही बंद करू शकता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या कायद्याने बंदीच घातली आहे, तरी तो गटही बंद ठेवा.

हे गट बंद केल्यावर मिळकत घटेल. कर्जाच्या जाहिरातींची बोली बरीच चढी असते, म्हणून घट जाणवेल. ती घट हेच तुमचे पहिले दान समजा. त्याची पावती मिळणार नाही आणि त्याचा फलकही लागणार नाही, पण तुमच्या भागातल्या चार घरांपर्यंत ते कर्ज पोहोचणार नाही. कर्जाच्या ॲपचे पैसे घेऊन अभ्यासिकेला पंखा बसवण्यापेक्षा मी ह्या दानाला वरचे स्थान देतो.

मथळ्यांचेही तसेच आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच आणखी मिळतात. हप्त्याची तारीख जाहीर झालेली नसताना 'हप्ता खात्यात जमा, लगेच तपासा' असा मथळा दिला की वाचक तुटून पडतात, हे ह्या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या मथळ्यावर विश्वास ठेवून एखादी म्हातारी बाई निंदणाची मजुरी बुडवून, एसटीचे तिकीट काढून तालुक्याच्या बँकेत जाते, रांगेत उभी राहते आणि रिकाम्या हाताने परत येते. तिचा त्या दिवशी जो तोटा झाला त्याच्या एक शतांशही त्या क्लिकमधून तुम्हाला मिळालेले नसते. शासनाचा निर्णय किंवा अधिकृत घोषणा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हप्त्याविषयी एक ओळही लिहू नका.

तुमच्या कापसाच्या पानाविषयीही सांगतो, कारण ते मी नीट वाचले आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये आहे. तुमच्या पानावर फक्त 'कापूस हमीभाव ८,११०' एवढेच आहे. कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्याच्या वर प्रमाणात कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा असला तर माल घेत नाही. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेच्याचा कापूस बहुधा दमट असतो. तुमचे पान वाचून एखाद्याने भाड्याने गाडी केली, पहाटे केंद्रावर रांग लावली आणि ग्रेडरने ओलावा मोजायचे यंत्र कापसात खुपसून चौदाचा आकडा दाखवला, तर त्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: भाडे भरून माल परत न्यायचा किंवा तिथेच बाहेर खाजगी व्यापाऱ्याला पडत्या भावात द्यायचा. धाग्याची प्रत, ओलाव्याची मर्यादा, भावाची तारीख आणि बाजार समितीचे नाव एवढे चार तपशील त्या पानावर वाढवा. त्याला एक पैसाही लागत नाही, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना त्याचा जो उपयोग होईल तो तुमच्या कोणत्याही देणगीपेक्षा मोठा असेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या भागात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी कॅमेरे येऊन गेले नाहीत असे गाव विरळा. भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीखाली विधवेला बसवून, पोराला मांडीवर घ्यायला लावून काढलेली छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. दोन हजारांचा किराणा देऊन असे छायाचित्र वेबसाइटवर टाकू नका. ती बाई घरात एकटी कमावती असते, तिला पुढे त्याच गावात राहायचे असते, तिची मुले त्याच शाळेत जातात आणि ते छायाचित्र वर्षानुवर्षे नावासकट शोधात सापडत राहते. शिवाय त्या पानावरही जाहिराती असतातच, म्हणजे तिच्या दुःखावर तुमची मिळकत होते. मदत करायची असेल तर ती तिच्या बँक खात्यात किंवा मुलांच्या शाळेत थेट पोहोचू द्या आणि वेबसाइटवर त्याचा उल्लेखच करू नका. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत, पालकांनी हो म्हटले तरी, मी हेच सांगेन.

आयकराचा भाग थोडक्यात आटोपतो. तुमची जाहिरातींची मिळकत व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. लहान व्यावसायिकांपैकी बरेच जण जुन्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली, डिजिटल मार्गाने आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरत आले आहेत; मात्र दुसऱ्याचा माल खपवून मिळणाऱ्या कमिशनला ती सोय लागू नव्हती. दानावरची कलम ८०जीची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि २०२३-२४ पासून न मागता लागू होते ती नवी पद्धत. नव्या पद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत वजावटीचा प्रश्न उद्भवण्याची शक्यताच कमी आहे. जुनी पद्धत निवडली तरी देणगी ८०जीची मान्यता असलेल्या संस्थेलाच द्यावी लागते, रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर ती वजावटीला धरत नाहीत, आणि संस्थेकडून १०बीई हे प्रमाणपत्र घ्यावे लागते. गावच्या अभ्यासिकेला अशी मान्यता नसते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, तेव्हा विवरणपत्र भरताना सनदी लेखापालांना एकदा दाखवा. वजावटीकडे पाहून दान ठरवू नका, एवढेच माझे सांगणे आहे.

लोकांकडून पैसे गोळा करण्याच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला स्पष्ट नको म्हणतो. धर्मादाय कामासाठी वर्गणी जमवायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे दरवर्षी काढतात ती परवानगी हीच. तुमच्या गावचा जो मुलगा अमेरिकेत स्थायिक होऊन तिकडचा नागरिक झाला आहे, त्याने पाठवलेली देणगी हे परदेशी योगदान ठरते. ते २०१० च्या परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरवून दिलेल्या खात्यातच घेता येते. भारतीय पारपत्र असलेल्या माणसाचे तसे नाही, पण कोणाचे पारपत्र कोणते हे तुम्ही यूपीआयचा चौकोन पानावर लावून कसे तपासणार? आणि कायद्याची अडचण नसती तरी तुमच्या वैयक्तिक खात्यात तुमचे, वेबसाइटचे आणि लोकांचे पैसे एकत्र आले की हिशेब कितीही चोख ठेवा, पोळ्याच्या दिवशी पारावर कोणीतरी प्रश्न काढणारच.

वाचकांना द्यावेसे वाटत असेल तर त्यांना थेट संस्थांकडे पाठवा. आपल्या विदर्भात त्यासाठी लांब जावे लागत नाही. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभे केलेले तपोवन आहे, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आहे, गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची १९८६ पासून काम करणारी 'सर्च' ही आरोग्याच्या कामाची संस्था आहे. त्यांचे काम लोकांसमोर आहे आणि पैसे तुमच्या हातातून जाण्याचे काही कारण नाही. ज्या पानावर या संस्थांची माहिती द्याल, त्या पानावर जाहिरात लावू नका.

आता अभ्यासिकेकडे येतो, कारण तुमच्या मनात मुळात तीच आहे. आपल्या गावांतल्या अभ्यासिका बहुधा ग्रामपंचायतीच्या किंवा समाजमंदिराच्या एखाद्या खोलीत असतात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासनाचे अनुदान मिळते. अभ्यासिकेची ही खोली त्यात नसते. देणाऱ्याला पुस्तके द्यावीशी वाटतात, कारण पुस्तकांचा गठ्ठा दिसतो आणि त्याच्यासोबत उभे राहता येते. मी पाहिलेल्या एका अभ्यासिकेत देणगीदारांची नावे रंगवलेली दोन लोखंडी कपाटे होती. त्यांत जुन्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके कोंबलेली होती आणि कित्येकांची पाने एकमेकांना चिकटलेलीच होती, म्हणजे ती कोणी उघडलीही नव्हती. त्याच खोलीतल्या चारपैकी तीन ट्यूबलाइट बंद होत्या. इन्व्हर्टर होता, पण बॅटरीतले पाणी आटलेले होते आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणायचा कोणी, हे ठरलेले नव्हते. रात्री वीज गेली की मुले भिंतीला पाठ टेकून मोबाइलच्या उजेडात गणिते सोडवत होती. मुली संध्याकाळी सातनंतर येत नव्हत्या, कारण दारापासून रस्त्यापर्यंत दिवा नव्हता आणि स्वच्छतागृहाला कडी नव्हती.

अशा ठिकाणी काय लागते हे सरपंचांना विचारून कळेलच असे नाही. रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाला विचारा, आणि तिथे येणाऱ्या मुलींना विचारा. मुलींना विचारायचे ते तुमच्या बहिणीने किंवा अंगणवाडी ताईंनी विचारलेले बरे, म्हणजे त्या मोकळेपणाने सांगतील. उत्तरे बहुधा लहान आणि दरमहा लागणाऱ्या गोष्टींची येतील: वीजबिल, झाडणाऱ्या बाईचा मोबदला, एक मराठी दैनिक, चालू घडामोडींचे मासिक, बॅटरीचे पाणी, वर्षातून एकदा पंख्यांची दुरुस्ती. खारपाणपट्ट्यात तुमचे गाव आहे, तेव्हा पिण्याच्या गोड पाण्याचा कॅनही त्यात येईल. उद्घाटन करता येत नाही म्हणून ह्या गोष्टींना देणगीदार मिळत नाहीत. तुमची मिळकतही थोडीथोडी आणि दरमहा येणारी आहे, त्यामुळे ती नेमकी ह्याच खर्चाला साजते. भरतीचा अर्ज भरायला ज्याच्याकडे शुल्क नाही अशा मुलाचे किंवा मुलीचे शुल्क भरायचे असेल तर तेही अभ्यासिका चालवणाऱ्याच्या हातून, तुमचे नाव न सांगता भरले जावे.

एखाद्या महिन्याचा हिस्सा फारच कमी निघाला तर तो दानासाठी वेगळ्या काढलेल्या बचत खात्यातल्या आधीच्या शिलकीतून भरून काढा, पण त्या वर्षी नवे काही अंगावर घेऊ नका. आणि हिस्सा एकाएकी वाढला, म्हणजे मोठ्या भरतीच्या वर्षी तो वाढतोच, तरी सगळा एकदम खर्च करण्याची घाई नको.

आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी पूर्णेकाठच्या ऋणमोचनला घाट बांधवला, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या, आणि हे सगळे लोकांनी दिलेल्या पैशांतून केले. स्वतःसाठी त्यांनी त्यात खोली ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. तुमच्या देणगीची पाटी अभ्यासिकेच्या भिंतीवर असावी की नाही, असे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. नसावी, असे मला वाटते. पाटीमुळे ती खोली तुमची होते आणि दुसरा कोणी तिच्यासाठी काही करायला पुढे येत नाही. वेबसाइटवर 'आमच्या उत्पन्नाचा हिस्सा समाजकार्यासाठी' असे लिहिण्याचा मोहही टाळा, कारण त्या ओळीच्या जोरावर वाचक तुमच्या भावांच्या आकड्यांवर अधिक विश्वास ठेवील, आणि तो विश्वास आकडे बरोबर असण्यावरच ठेवला गेला पाहिजे. हिशेब मात्र लिहून ठेवा. तारीख, आलेली रक्कम, काढलेला हिस्सा आणि कुठे दिला, एवढ्या चार रकान्यांची वही पुरते; चुलतभावालाही ती पाहता यावी.

सुरुवात वीजबिलापासून करा. ग्रामसेवकांकडून अभ्यासिकेच्या मीटरचा ग्राहक क्रमांक घ्या, मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर आहे याची खात्री करा आणि थकबाकी किती आहे ते पाहा. ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणचे बिल तुमच्या मोबाइलवरून थेट भरता येते, कोणाच्या हाती रोख द्यावी लागत नाही आणि पावतीही लगेच मिळते. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. वर्षभर बिल भरून झाल्यावर ट्यूबलाइटचे आणि स्वच्छतागृहाच्या कडीचे पाहा; दारासमोरच्या दिव्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज आत्ताच करून ठेवा, कारण तो खर्च त्यांनीच करायचा आहे.